एक चौकट, तीन चौकटी

परवा कपाटाचा खालचा खण आवरताना जुना डिजिटल कॅमेरा सापडला. २००५ साली घेतलेला, पाच मेगापिक्सेलचा, शर्टाच्या खिशात मावणारा. चार्जर वायरींच्या गुंत्यातून शोधून काढला, तासभर लावून ठेवला, आणि काय आश्चर्य, कॅमेरा चक्क सुरू झाला! लेन्सची नळी कुरकुरत पुढे आली, स्क्रीन उजळला, आज तारीख काय म्हणून विचारलं. आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ते चिन्ह दिसलं : एकामागे एक सरकवून ठेवलेल्या तीन चौकटी.

ज्यांनी असे कॅमेरे वापरलेत त्यांना आठवत असेल. एक चौकट म्हणजे सिंगल. बटण एकदा दाबा, एक फोटो घ्या, विषय संपला. तीन चौकटी म्हणजे कंटिन्युअस. बटण दाबून धरा, बोट उचलेपर्यंत (किंवा कॅमेऱ्याला धाप लागेपर्यंत) फोटो निघत राहतात. माहितीपुस्तिकेत या सगळ्याला जेमतेम अर्धं पान होतं. लहान मुलं, खेळ, प्राणी यांच्यासाठी उपयुक्त, फ्लॅश पडणार नाही, इत्यादी.

या अर्ध्या पानाच्या विषयानं मला मात्र गेली कित्येक वर्षं सोडलेलं नाही. त्याला कारण आमची आजी.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन २००६ साली वाईच्या घरी झालं. तिला फोटोचं वावडं नव्हतं, पण फोटो म्हणजे काय याबद्दल तिची मतं पक्की होती. पदर सारखा करायचा, ताठ बसायचं, ओठ मिटायचे आणि समोरचा 'झालं' म्हणेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. तिच्या लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो आणि ऐंशीनंतरचे फोटो शेजारी ठेवले तर वय सोडून काहीही बदललेलं दिसत नाही.

त्या दिवशी औक्षणाच्या वेळी बहिणीची सहा वर्षांची मुलगी तबक घेऊन आजीसमोर उभी राहिली. (पणतीच्या हातात निरांजन, असा विनोद काकांनी केलाच.) मी कॅमेरा रोखला, बटण दाबलं. खिशातून काढताना की गर्दीत कोणाचा धक्का लागून, कोण जाणे, कॅमेरा तीन चौकटींवर गेला होता. फ्लॅश पडला नाही. खट् खट् खट् करत लागोपाठ पाच फोटो निघाले आणि स्क्रीन काळा पडून राहिला.

रात्री २५६ एमबीचं कार्ड भरत आलं म्हणून मी गच्चीत बसून 'साफसफाई' केली. त्या पाचांतला पहिला ठीक होता. आजी ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर. बाकीचे चार हललेले, धूसर. कॅमेरा प्रत्येक वेळी 'नक्की पुसू का?' असं विचारतो. मी चार वेळा 'हो' म्हटलं.

हे मी का केलं, आणि तसंच करावं असं मला का वाटलं, याचं उत्तर शोधताना फोटोग्राफीच्या इतिहासात बरंच मागे गेलो. तिथे जे सापडलं ते आज सांगायचं आहे.

मुळात फोटो 'एक'च असायचा तो कुणी तसं ठरवलं म्हणून नव्हे, दुसरा इलाजच नव्हता म्हणून. १८३८ साली दागेरनं पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. प्रकाशाला काही मिनिटं द्यावी लागत होती. तेवढ्या वेळात जे जे हललं, घोडे, गाड्या, चालणारी माणसं, ते सगळं चित्रातून नाहीसं झालं. भरदिवसाचा रस्ता ओस दिसतो. फक्त एक माणूस उरला, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. म्हणजे फोटोत यायचं तर स्थिर राहा, ही अट पहिल्या दिवसापासूनची. पुढे स्टुडिओंमध्ये गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी टेकू लावत. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत आली, वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला, पण काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. सलग दहा फोटो ही कल्पनाच करायला नको.

आजीच्या लग्नापर्यंत हे सगळं केव्हाच मागे पडलं होतं. टेकू गेला, पण टेकूनं शिकवलेलं बसणं तसंच राहिलं. आजी श्वास धरून बसायची ती तिला कधी न दिसलेल्या त्या लोखंडी टेकूला मान देऊन, असं मला आता वाटतं.

मग लागोपाठ फोटो काढायची गरज पहिल्यांदा कोणाला पडली? छायाचित्रकाराला नाही, ज्योतिषाला... म्हणजे खगोलशास्त्रज्ञाला. ज्यूल जानसेन हा फ्रेंच माणूस १८६८ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला आपल्याकडे गुंटूरला येऊन गेला होता. अफाट जिद्दीचा. १८७० साली पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला असताना हा एका ग्रहणासाठी बलूनमधून शहराबाहेर पडला. (आणि ग्रहणाच्या वेळी ढग आले!)

डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. शुक्राची कड सूर्याच्या कडेला नेमकी कधी टेकली ही वेळ पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून नोंदवली तर सूर्याचं अंतर काढता येतं. अडचण एकच, ती 'नेमकी वेळ' कुणालाच सांगता येत नव्हती. शुक्राचा काळा ठिपका कडेपासून सुटताना डांबराच्या थेंबासारखा ताणलेला दिसतो. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांच्या वेळाही जुळत नसत. जानसेननं विचार केला, क्षण माणसाला पकडता येत नसेल तर त्यानं तो पकडायचा हट्टच कशाला धरायचा? त्यानं रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर फिरणारी तबकडी असलेला कॅमेरा बनवला आणि जपानात नागासाकीला नेला. ७२ सेकंदांत ४८ फोटो. दीड सेकंदाला एक. क्षण कुठला ते नंतर निवांत बसून बघू.

हे 'नंतर बघू' फार महत्त्वाचं आहे. कंटिन्युअस मोडचा सगळा इतिहास त्या दोन शब्दांत आहे. सिंगलमध्ये निवड बटण दाबण्याआधी करायची असते, कंटिन्युअसमध्ये दाबल्यानंतर. बाकी फरक यंत्राचे.

चार वर्षांनी कॅलिफोर्नियात मायब्रिजनं घोड्याचे ते प्रसिद्ध फोटो काढले. लेलंड स्टॅनफर्ड हा रेल्वेमालक, घोड्यांचा शौकीन. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न त्या काळी चर्चेत होता. १८७८ च्या जूनमध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीशेजारी मायब्रिजनं ओळीनं १२ कॅमेरे मांडले. धावत्या घोड्याच्या पायांनी आडवे दोरे ओढले जायचे आणि एकेका कॅमेऱ्याचं झाकण उघडायचं. पुढे कॅमेरे २४ झाले. चारही पाय सुटतात हे तर सिद्ध झालंच, पण कसे सुटतात हे जास्त धक्कादायक होतं. चित्रकार शतकानुशतकं घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगताना दाखवत आले होते. प्रत्यक्षात पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. 'सुंदर' क्षण चित्रकारांनी कल्पनेतून काढला होता. खरा क्षण जरा बेंगरूळच होता.

इथे मला माझी गच्ची आठवली, पण ते पुढे.

पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाला पक्षी कसे उडतात हे बघायचं होतं. पक्षी काही दोरे तोडत उडत नाहीत. १८८२ मध्ये त्यानं चक्क बंदूक बनवली. दस्ता, नळी, चाप, सगळं बंदुकीचं. चाप ओढला की आतल्या फिरत्या काचेवर सेकंदाला १२ चित्रं. आपण आजही शूटिंग म्हणतो, शॉट म्हणतो, ते उगाच नाही. गंमत म्हणजे एकट्या फोटोचा शब्दही शिकारीतलाच. नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीला इंग्रज शिकारी 'स्नॅपशॉट' म्हणत, आणि जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८६० साली तो शब्द फोटोसाठी वापरला. म्हणजे दोन्ही चौकटींचं गोत्र एकच. एकात एक गोळी, दुसऱ्यात फैर.

यानंतर मात्र दोन भावांनी वेगळी घरं केली. 'लागोपाठ'वाला सिनेमात गेला. ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. 'एक'वाला घराघरात गेला. १८८८ च्या कोडॅकमध्ये १०० फोटोंची फिल्म भरलेली असे, संपली की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. भाऊ वेगळे झाले तरी धान्य एकाच कोठारातलं होतं हं. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात जी ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावायची, ती मुळात सिनेमाचीच फिल्म.

या दोन घरांच्या मधल्या बोळात आपले दादासाहेब फाळके उभे आहेत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याआधी लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी एक छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि कित्येक दिवस एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर बी फुटलं, कोंब आला, वेल चढला, सगळं मिनिटभरात. निवडक मंडळींना ती दाखवली आणि पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी पैसा उभा राहायला तिची मदत झाली. म्हणजे आपल्या सिनेमाच्या सुरुवातीच्या पानांवर सलग चित्रीकरण करणारं यंत्र आहे, आणि ते सिंगल मोडवर चालवणारा चिवट माणूस आहे. जानसेनला क्षण फार भराभर सुटत होते, फाळक्यांचा वाटाणा फार सावकाश होता. दोघांनाही डोळ्यांना न दिसणारं काही दाखवायचं होतं.

पुढे विसाव्या शतकात एकट्या फोटोला मोठी प्रतिष्ठा आली. कार्तिए-ब्रेसाँचं पुस्तक १९५२ साली आलं, त्याच्या इंग्रजी आवृत्तीचं नाव होतं 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं. खरा छायाचित्रकार तो क्षण अचूक टिपतो, बाकीचे अंदाधुंद बटणं दाबतात, असा एक समज त्यातून पसरला. त्यांच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट शीट पाहिल्या तर एकाच प्रसंगाचे चार-चार, सहा-सहा फोटो दिसतात, हा भाग वेगळा. १९५९ च्या निकॉन एफला मोटर जोडता यायची, फिल्म आपोआप पुढे सरके. पण सेकंदाला तीन फोटो म्हटले तर ३६ चा रोल १२ सेकंदांत खलास! वर्तमानपत्रवाल्यांना आणि खेळवाल्यांना परवडेल असं काम.

आपल्या घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ३६ चा रोल, नीट भरला तर ३७ वा फोटो फुकट. एक रोल गणपतीपासून मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा. "थांब, सगळे येऊ देत." "डोळे मिटू नका रे." एक फोटो म्हणजे धुलाई, प्रिंट, पैसे. दोनदा काढला तर बाबा विचारायचे, "पहिला काय वाईट होता?" माझ्या पिढीनं फोटो काढायला अशी काटकसर शिकूनच सुरुवात केली.

मग डिजिटल आलं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसननं बनवलेल्या पहिल्यावहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला १०० बाय १०० ठिपक्यांचं एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० मध्ये ९६ चित्रं मावत, आणि मागे स्क्रीन होता. तो स्क्रीन ही खरी क्रांती. फोटो काढताक्षणी बघायचा, आणि नको असेल तर तिथेच पुसायचा. फोटो पुसणं ही घरगुती क्रिया झाली ती तेव्हापासून.

खिशातल्या कॅमेऱ्यांचा मोठा दोष म्हणजे उशीर. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी अंतर ठरवणार, प्रकाश मोजणार, मग फोटो घेणार. तोवर अंतरपाट दूर होऊन हार घालूनही झालेले असत. अनुभवी लोक बटण अर्धं दाबून ही तयारी आधीच करून ठेवत. दुसरा उपाय म्हणजे तीन चौकटी. पण तिथेही मर्यादा होत्या. सेन्सरवरून आलेलं चित्र आधी एका छोट्या तात्पुरत्या स्मृतीत साठतं, मग सावकाश कार्डावर उतरतं. ती स्मृती भरली की कॅमेरा थांबला. फ्लॅशला दोन फोटोंमध्ये पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, म्हणून तो बंद. अंतर आणि प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत पहिल्या फोटोला जे ठरतील तेच शेवटपर्यंत. माझा कॅमेरा सेकंदाला जेमतेम दीड फोटो काढी, जानसेनच्या रिव्हॉल्व्हरच्या दुप्पट-सव्वादोनपट म्हणा. त्याच्यापुढे १३१ वर्षांनी! सोनीच्या काही कॅमेऱ्यांत तर लागोपाठ १६ छोटी चित्रं घेऊन ती चार बाय चारच्या जाळीत एकाच फोटोवर मांडायची सोय होती. ती बघून मला थेट मायब्रिजची पानं आठवली होती.

वेग मग वाढतच गेला. २००८ साली कॅसिओच्या ईएक्स-एफ१ नं सेकंदाला ६० फोटो काढले, शिवाय बटण पूर्ण दाबण्याआधीचे फोटोही तो धरून ठेवू शके. २०१३ च्या आयफोन ५एस मध्ये सेकंदाला १० फोटो आणि 'यातला हा बघा बरा आहे' अशी सूचनाही फोनच करू लागला. आता तर बहुतेक फोनवर आपण एकदा बटण दाबतो तेव्हाही फोन अनेक फोटो घेतो आणि त्यांचा मिळून एक बनवतो. एक चौकट दिसते, पण ती असते अनेक चौकटींची खिचडी. २०२३ साली गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये अशी सोय आली की ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असतील तर शेजारच्या फोटोतला त्याचा चेहरा आणून बसवायचा. सगळे हसतायत, सगळ्यांचे डोळे उघडे. असा क्षण मात्र कधी झालेलाच नसतो.

हे काही फोननं नव्यानं शोधलेलं पाप नाही. मायब्रिजचा १८८७ चा मोठा संग्रह, ७८१ पानांचा, शास्त्रीय पुरावा म्हणून गौरवला गेला. अभ्यासकांनी तो नीट तपासला तेव्हा दिसलं की काही पानांवर मधली चित्रं गळालेली आहेत, काही ठिकाणी दुसऱ्या वेळची घातलेली आहेत. ओळ छान दिसावी म्हणून. म्हणजे ज्या माणसानं चित्रकारांचा सुंदर घोडा खोटा ठरवला, त्यालाही शेवटी सुंदर ओळच हवी होती.

'नंतर बघू' म्हणून पुढे ढकललेली निवड टळत नाही, हे मला यातून कळलं. ती नंतर करावीच लागते, आणि नंतर आपण बहुतेक वेळा तेच निवडतो जे आधीपासून डोक्यात असतं. यंत्र पाच क्षण हातात ठेवतं, आपण त्यांतला ओळखीचा ठेवतो आणि बाकीचे हललेले म्हणून टाकतो.

आजी २०११ साली गेली. हार घालायला फोटो हवा होता. आई म्हणाली, "हसतानाचा एखादा नाही का रे तुझ्याकडे? इतके फोटो काढायचास." मी नाही म्हणालो. पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही, फक्त यादीतून त्याचं नाव जातं आणि जागा मोकळी समजली जाते, हे मला माहीत होतं. पण त्या जागेवर पाच वर्षांत शेकडो फोटो येऊन गेले होते. तोच पहिला फोटो मोठा करून आणला.

भाची आता मोठी झाली आहे. कॅमेरा सापडला म्हणून तिला फोन केला, औक्षणाचा विषय निघाला. म्हणाली, "मामा, मला आठवतंय. माझ्या हातून तबक तिरकं व्हायला लागलं, तर पणजीनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, अगं अगं, तेल सांडेल, मला आंघोळ घालायची आहे का? आणि इतकी हसली की तिला ठसकाच लागला."

म्हणजे फोटो क्रमांक दोन, तीन आणि चार. पाचव्यात बहुधा ती पुन्हा पदर सारखा करत होती. मी ते चारही पाहिले होते. दोन इंचांच्या स्क्रीनवर, घाईत, पण पाहिले होते.

फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या फोटोसमोर जरा वेळ उभा राहिलो. आजी ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर. इतक्या वर्षांत मी तिच्या चेहऱ्याखाली कधी नीट पाहिलंच नव्हतं. खालच्या कोपऱ्यात दोन छोटे हात आहेत, आणि त्यांतलं तबक डावीकडे कलायला लागलेलं आहे.